एअरबॅग नक्की फुगते कशी, आणि पेटंटनंतर बाजारात यायला तिला वीस वर्षं का लागली?

रसायनवाली

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाची गाडी खंबाटकी घाट उतरल्यावर उभ्या ट्रकला मागून धडकली. बॉनेट पार चेपलं. त्याच्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ उठला, डाव्या हाताला कोपराखाली भाजल्यासारखा लाल डाग पडला, आणि तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी गाडीतलं सामान काढायला मी त्याच्याबरोबर गॅरेजात गेले. स्टिअरिंगमधून पिशवी बाहेर लोंबत होती. हातात घेऊन नीट पाहिली. घट्ट विणीचं नायलॉन, छत्रीच्या कापडापेक्षा बरंच जाड. मागच्या बाजूला, म्हणजे स्टिअरिंगकडे, रुपयाच्या नाण्याहून मोठी दोन भोकं आणि त्यांच्या कडा तपकिरी पडलेल्या. सीटवर पांढरी भुकटी. दिवाळीच्या रात्री अंगणात रेंगाळतो तसा वास गाडीत अजून होता.

भाऊ म्हणाला, पिशवी फाटली म्हणून मी वाचलो की काय! फाटली नव्हती. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. डोकं पिशवीवर येतं तेव्हा गॅस तिथून निसटतो आणि पिशवी दबत जाते. भोकं नसती तर डोकं फुटबॉलवर आपटल्यासारखं मागे फेकलं गेलं असतं. हातावरचा डाग त्या निसटलेल्या गरम गॅसचाच. भुकटी म्हणजे बहुतांशी टाल्कम किंवा मक्याचं पीठ, घडी चिकटून बसू नये म्हणून लावलेलं.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि 'सोडियम ॲझाइडचं विघटन' दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण त्या दिवशी पिशवी हातात घेतल्यावर वाटलं, आपण हे समीकरण फारच कोरडं शिकवत आलो. ते असं: सोडियम ॲझाइड ३०० अंशांच्या आसपास तापवलं की सोडियम धातू आणि नायट्रोजन वायू वेगळे होतात. १३० ग्रॅम, म्हणजे मूठभर पांढऱ्या पदार्थातून सामान्य तापमान आणि दाबाला सुमारे ६७ लिटर नायट्रोजन निघतो. चालकाची पिशवी साधारण तेवढ्याच आकाराची असते. मागे उरतो सोडियम धातू. पाण्याचा थेंब लागला तरी तो पेट घेतो, मग त्याला गाडीत मोकळा कसा सोडणार? म्हणून मिश्रणात पोटॅशियम नायट्रेट आणि सिलिका घालत. नायट्रेट सोडियमचं ऑक्साइड करतं, सिलिका त्या ऑक्साइडला धरून काचेसारखा निरुपद्रवी सिलिकेट बनवते. मग गॅस धातूच्या जाळीतून गाळून, थोडा थंड करून पिशवीत सोडायचा. हे सगळं ३० मिलीसेकंदांत. पापणी लवायला शंभराहून जास्त लागतात.

आजच्या नव्या गाड्यांत ॲझाइड राहिलेलं नाही, त्यावर पुढे लिहीन. आधी एक प्रश्न. एअरबॅगचं पेटंट १९५३ चं आहे आणि सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारी पहिली एअरबॅगवाली गाडी १९७३ ची. मधली वीस वर्षं कशात गेली? वाहन उद्योगात काम करणाऱ्यांनी लिहावं.

---

दूरदेशी

ताई, मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या सुरक्षा विभागात सतरा वर्षं काढली. हा इतिहास इथल्या जुन्या लोकांच्या तोंडून ऐकत आलोय, तेव्हा सुरुवात मी करतो.

जॉन हेट्रिक हा पेन्सिल्व्हेनियातला इंजिनिअर. १९५२ च्या वसंतात बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन रविवारी फिरायला निघाला होता. मुलगी पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये. रस्त्यात मोठा दगड दिसला, त्याने गाडी वळवली, ती चरात गेली. ब्रेक दाबताना नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे आडवे गेले. कुणाला लागलं नाही. पण घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच विचार होता की असा हात गाडीतच बसवता आला तर? युद्धात नौदलात असताना टॉर्पेडो दुरुस्त करताना दाबाखालची हवा अचानक सुटून कॅनव्हासचं आवरण फुगून थेट छताला गेलेलं त्याने पाहिलं होतं. ते आठवलं. १८ ऑगस्ट १९५३ ला त्याला पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडररने त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९५१ मध्ये अर्ज केला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

हेट्रिकने मोठ्या कंपन्यांना पत्रं लिहिली. कुणी दाद दिली नाही. पेटंटची मुदत संपली तेव्हा त्याच्या हाती एक पैसाही आलेला नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं. पण तांत्रिक बाजूने पाहिलं तर दोघांची कल्पना दाबलेल्या हवेवर चालणारी होती आणि ती हवा पिशवीत भरेपर्यंत माणूस स्टिअरिंगवर आपटून मोकळा झाला असता. त्यात धडक झाली हे गाडीला कळायचं कसं? लिंडररच्या पेटंटमध्ये बंपरला धक्का लागला की, नाहीतर चालकाने स्वतः झडप उघडायची, अशी सोय होती.

म्हणजे दोन कोडी होती. धडक ओळखायची आणि गॅस लगेच तयार करायचा. दोन्ही १९६० च्या दशकाच्या शेवटी सुटली. गॅसचं ताईंनी लिहिलंच आहे. धडक ओळखणारं यंत्र ॲलन ब्रीडचं. त्यावर चाकणकरांनी लिहावं, ते रोज त्यातच असतात.

---

चाकणकर

हाक मारलीत, आलो.

ब्रीडचा सेन्सर मी कॉलेजात असताना एका जुन्या गाडीतून काढून उघडला होता, तेव्हापासून मला त्याचं वेड आहे. बोटाएवढी नळी. आत एक पोलादी गोळी. एका टोकाला चुंबक, तो गोळीला धरून ठेवतो. दुसऱ्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्या. गाडी धडकली की नळी थांबते पण गोळी पुढे जायला बघते. धक्का पुरेसा मोठा असेल तर चुंबकाची पकड सुटते, गोळी पट्ट्यांना टेकते, सर्किट पूर्ण होतं.

खरी करामत मात्र गोळी आणि नळीमधल्या फटीत आहे. फट इतकी बारीक की पुढे सरकणाऱ्या गोळीला समोरची हवा तिथून बाजूला सारावी लागते. हवा तिला अडवते. त्यामुळे गाडी खड्ड्यात दणकन आदळली किंवा कुणी बॉनेटवर हातोडा मारला, तर तो धक्का कितीही जोराचा असला तरी क्षणात संपतो आणि गोळी अर्ध्या वाटेतून चुंबकाकडे परत जाते. खऱ्या धडकेत वेग कमी होणं काही मिलीसेकंद सलग चालू राहतं, तेव्हाच ती पलीकडे पोचते. 'हा खड्डा की हा अपघात' हा निर्णय एक गोळी आणि थोडीशी हवा घेत होती. संगणक नाही, प्रोग्राम नाही.

१९९० च्या दशकात ॲनालॉग डिव्हाइसेस कंपनीची सिलिकॉनवर कोरलेली चिप आली. चिपमध्ये कंगव्यासारखे दोन भाग एकमेकांत अडकवलेले, एक स्थिर, एक हलणारा. धक्का बसला की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारकता बदलते, ती मोजायची. आता गोळीच्या वेगवेगळ्या सेन्सरऐवजी डॅशबोर्डखाली एक डबा आणि पुढे-बाजूला दोन-चार छोटे सेन्सर एवढ्यात भागतं. साधारण ५० किलोमीटर वेगाने समोरून धडक झाली तर पहिल्या १५-२० मिलीसेकंदांत निर्णय झालेला असतो आणि पुढच्या तीसेकांत पिशवी भरलेली असते.

बाजूची धडक फार वाईट. पुढे निदान बॉनेट चेपायला असतं. बाजूला दार आणि तुमची बरगडी यांच्यात एक वीत जागा. म्हणून दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवतात. दार आत दबलं की पोकळीतली हवा दबते आणि तो धक्का पोचण्याआधीच ओरडतो. व्होल्वोने १९९४ मध्ये '८५०' नावाच्या गाडीत बाजूची एअरबॅग आणली, १९९८ मध्ये एस८० मध्ये डोक्यासाठी पडदा. तो पडदा गाडी उलटली तरी उपयोगी पडावा म्हणून काही सेकंद फुगलेला ठेवतात, पुढच्या पिशवीसारखा लगेच बसू देत नाहीत.

---

सडेतोड

माहिती चांगली आहे. पण एअरबॅगने माणसं मेलीही आहेत, लहान मुलं मेली आहेत, हे कुणी लिहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीला एका सहा वर्षांच्या मुलाचा जीव पुढच्या सीटवर एअरबॅग उघडल्यामुळे गेला, ते सगळ्यांनी वाचलंय. जी वस्तू वाचवायला बसवली तिनेच मूल जावं, तर ती सक्तीची का करायची?

---

दूरदेशी

प्रश्न योग्य आहे आणि मला यावर सविस्तर लिहायचंच होतं. माझ्या मते एअरबॅगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत फार थोडे लोक पट्टा लावत. सरकारी विचार असा झाला की लोक पट्टा लावणारच नसतील, तर त्यांना काहीच करावं न लागता वाचवेल असं काहीतरी गाडीत हवं. म्हणजे एअरबॅग पट्ट्याच्या *ऐवजी*. मग चाचणी तशीच ठरली: पूर्ण वाढलेल्या पुरुषाचा पुतळा, पट्टा न लावलेला, ताशी ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर. एवढं वजन एवढ्या वेगात एकट्या पिशवीने अडवायचं, तर पिशवी प्रचंड जोराने उघडलीच पाहिजे. तशी ती बनवली. मग त्याच पिशवीसमोर पट्टा न लावलेलं मूल, ब्रेक लागताना डॅशबोर्डकडे सरकलेलं, किंवा स्टिअरिंगला चिकटून बसणारी बुटकी बाई आली की काय होणार? १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळे २९० हून जास्त मृत्यू झाले, असा तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेक गाड्या १९९८ च्या आधीच्या, आणि मेलेल्यांपैकी दहात आठांहून जास्त जणांनी पट्टा लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता.

१९९७ मध्ये नियम बदलला, पिशव्यांचा जोर कमी केला. पुढे सीटवरच्या माणसाचं वजन ओळखणारी, दोन टप्प्यांत फुगणारी एअरबॅग आली.

मर्सिडीझने मात्र सुरुवातच वेगळ्या वाटेने केली. त्यांचं पेटंट १९७१ चं. १९८१ मध्ये एस-क्लासमध्ये एअरबॅग दिली तेव्हा चालकाला एअरबॅग आणि शेजारच्याला धडकेच्या क्षणी घट्ट ओढणारा पट्टा, अशी जोडी दिली. पट्टा माणसाला धरतो, पिशवी फक्त डोकं आणि छाती सांभाळते. म्हणून त्यांना पिशवी नरम ठेवता आली. स्टिअरिंगवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे.

---

मनवाची_आई

मग मुलांचं नक्की काय करायचं ते साध्या शब्दांत सांगाल का? माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात मांडीवर घेऊन पुढे बसू, रडत नाही.

---

चाकणकर

ताई, मांडीवर पुढे अजिबात नको. सासूबाईंना हे वाचून दाखवा, मी त्यांच्या मुलाच्या वयाचा आहे आणि हात जोडून सांगतोय. पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने बाहेर येते आणि मांडीवरचं मूल नेमकं तिच्या तोंडाशी असतं. शिवाय धडकेत मागून सासूबाईंचं वजनही मुलीवरच येणार. पोरीला मागच्या सीटवर, तिच्या वजनाच्या बाल-आसनात बसवा. बारा वर्षांपर्यंत मुलांनी मागेच बसावं, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. तान्ह्या बाळाचं मागे तोंड करून बसवायचं आसन चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायचं नाही. पिशवी त्याच्या पाठीवर आदळते आणि ते बाळासकट सीटवर आपटतं.

आणि चालवणाऱ्यांनी छाती स्टिअरिंगपासून निदान वीतभराहून थोडी जास्त, म्हणजे २५ सेंटिमीटर दूर ठेवावी. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. मधल्या पॅडवरून हात आडवा टाकून वळवू नका. पिशवी उघडली तर तोच हात तुमच्या तोंडावर येतो.

---

मनवाची_आई

वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण आज मागे बसल्या मनवाबरोबर.

---

पाना_नंबर_तेरा

चिपळूणला माझं गॅरेज आहे. पुस्तकातलं ज्ञान कमी, पण हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून चार गोष्टी लिहितो.

एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळे असतात. कुठल्याही गाडीत पिवळा कनेक्टर दिसला की पोरांना सांगून ठेवलंय, हात लावायचा नाही, आधी मला हाक मारा. बॅटरी काढली तरी लगेच काम करत नाही, कारण डब्यातल्या कपॅसिटरमध्ये पिशवी उडवण्याइतकी वीज काही मिनिटं शिल्लक असते. ती मुद्दाम ठेवलेली असते, धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून.

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड. *लागतच नसेल* तर त्याहून वाईट. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक सेकंडहँड गाडी घेऊन आलं, हॉर्न वाजत नाही म्हणून. स्टिअरिंगचं पॅड उघडलं तर आत पिशवीच नाही! आधीच्या अपघातात उघडलेली काढून टाकलेली, वर नवं झाकण बसवलेलं, आणि दिवा पेटू नये म्हणून कनेक्टरला एक छोटा रेझिस्टर जोडून ठेवलेला. माणूस सहा महिने बायकापोरांना घेऊन मुंबई-गोवा रस्त्याने जा-ये करत होता. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. जुनी गाडी घेताना स्कॅनर लावून बघून घ्याच, पण स्कॅनरलाही रेझिस्टर फसवतो. पॅड उघडून बघायला लावा.

अजून तीन गोष्टी. शेजारच्या बाजूला डॅशबोर्डवर जिथे 'एअरबॅग' लिहिलंय तिथे चिकटवलेला गणपती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड काढा. झाकण उघडताना ते गोळीसारखं येतं. देव मधोमध ठेवा, तिथे बसतो. दुसरं, सीटच्या कडेला एअरबॅगची शिवण असेल तर त्यावर साधं कव्हर चढवू नका, त्या जागी सुटणारी शिवण असलेलंच घ्या. तिसरं, पुढे लोखंडी गार्ड लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने त्याला मनाई केली आहे. धक्का चेसीवर वेगळ्याच रीतीने जातो आणि सेन्सरला कळायला उशीर होतो.

---

सडेतोड

पाना_नंबर_तेरा, तुमचं वाचून आज घरच्या गाडीचा दिवा तपासला. लागतो, विझतो.

मूळ मुद्दा पटला. एअरबॅग नको असं मला म्हणायचं नव्हतंच, पण लोकांना ती उशी वाटते, स्फोट वाटत नाही, हे खरं दुखणं आहे. चालकाची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढे सहा एअरबॅगांचा मसुदा निघाला, तारखा पुढे गेल्या आणि शेवटी सक्ती नाही असं सांगितलं गेलं. त्यावर वर्षभर वाद झाला. पण मागच्या सीटच्या पट्ट्यावर किती बोललो आपण? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. एवढ्या महागड्या गाडीच्या एअरबॅगा त्यांच्या कामाला आल्या नाहीत.

---

कोकणवारा

रसायनवाली ताई, तुम्ही 'पुढे लिहीन' म्हणालात ते राहिलं. माझी २०१० ची गाडी रत्नागिरीत आहे. टकाटा प्रकरणात दमट हवेचा संबंध होता असं ऐकलंय. खरं का?

---

रसायनवाली

खरं. आणि हा भाग मला वर्गात शिकवावासा वाटतो.

सोडियम ॲझाइड विषारी. भंगारात गेलेल्या गाड्यांतून ते बाहेर पडायची भीती होती. म्हणून १९९० च्या दशकात उद्योगाने दुसरे पदार्थ शोधले. बहुतेकांनी ग्वानिडीन नायट्रेटसारखे पदार्थ घेतले. टकाटा या जपानी कंपनीने अमोनियम नायट्रेट घेतलं. ते स्वस्त, जळल्यावर जवळजवळ सगळाच गॅस होतो, राख उरत नाही. पण अमोनियम नायट्रेटचे स्फटिक ३२ अंशांच्या आसपास आपली रचना बदलतात आणि त्यात त्यांचं आकारमान बदलतं. उन्हात तापलं, रात्री निवलं, असं रोज. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. कंपनीने पोटॅशियमचं लवण मिसळून रचना स्थिर केली होती, पण कितीतरी इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवीमागच्या गॅस बनवणाऱ्या डबीत, ओलावा शोषणारं द्रव्य घातलंच नव्हतं.

इन्फ्लेटरमध्ये हा पदार्थ दाबून केलेल्या वड्यांच्या रूपात असतो. वडी बाहेरून आत ठरलेल्या वेगाने जळते. वर्षानुवर्षं ऊन आणि दमटपणा खाऊन वड्या भुसभुशीत झाल्या की काय होतं? चुलीत ओंडका टाका, तो तासभर जळतो. तेवढ्याच लाकडाचा भुसा उडवा, भडका होतो. जळायला मिळणारं पृष्ठफळ वाढतं, दाब भलताच चढतो, आणि ज्या धातूच्या डबीतून फक्त गॅस बाहेर यायचा ती डबीच फुटते. तिचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या मानेत घुसतात. किरकोळ धडकांत लोक असे गेले. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्वतंत्र तपासणीत तीन कारणं एकत्र आली तेव्हाच फुटतात असं निघालं: ओलावा शोषक नसलेलं अमोनियम नायट्रेट, वर्षानुवर्षांची उष्णता आणि ओलावा, आणि ओल आत येऊ देणारी डबी. सर्वात जास्त धोका फ्लोरिडासारख्या उष्ण दमट किनाऱ्यांना धरला गेला. रत्नागिरीची हवा तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून कोकणवारा, गाडीच्या कागदावरचा चासी नंबर घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर टाका. यादीत असेल तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.

---

कोकणवारा

टाकला. यादीत आहे. चालकाची आणि शेजारची, दोन्ही. दोन मालक बदलले म्हणून आधीचं पत्र मला कधी आलंच नसावं. फोन केला, शनिवारी सकाळी बोलावलंय. तोवर गाडी दारातच उभी.

---

पाना_नंबर_तेरा

दादा, शनिवारी नेताना शेजारी कुणाला बसवू नका, एकटे जा. आणि हळू. नाहीतर त्यांना सांगा, टोइंग पाठवा. विचारून तर बघा.

---

कोकणवारा

विचारलं. गाडी उचलून न्यायला शनिवारी नऊ वाजता येतायत.